पंचविसावी काच

आधीच माफी मागतो. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि भारी शब्द मला येत नाहीत. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. त्यामुळे जे झालं ते साध्या शब्दांत, जसं झालं तसं लिहितो. आणि ‘मी’ न लिहिता ‘तो’ लिहितो. ‘मी’ लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत अडखळतो. ‘तो’ म्हटलं की जरा लांबून बघता येतं. समजून घ्या.

१

त्याला प्रयोगशाळेत सगळे गप्पू म्हणत, कारण तो बोलत नसे. काम मात्र तो मन लावून करी. काम काय, तर पेशींना जेवू घालणं.

ज्या माणसांनी त्या देऊ केल्या त्यांच्या श्वासनलिकेच्या पेशी तिथे वाढवत. बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा कप, त्याचा तळ म्हणजे बारीक छिद्रांचा पडदा. पडद्याखाली गुलाबी पाणी, ते त्यांचं अन्न, आणि वर नुसती हवा. महिनाभरात पेशींची पातळ कातडी तयार होई, तिच्यावर साध्या डोळ्यांना न दिसणारी लव उगवे आणि ती लव हलायला लागे. आपल्या घशाखाली जशी हलते, अगदी तशी. वर चिकटा साचे आणि लवेच्या जोरावर कपातल्या कपात गोल गोल फिरत राही. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून ते बघितलं तेव्हा गप्पू दोन दिवस जेवताना जपून गिळत होता.

या कपांवर नवीन रसायनं टाकून बघत. मग पेशी सोडवून काचेच्या पट्टीवर जेलीत बसवत आणि विजेच्या हलक्या प्रवाहात ठेवत. पेशीतला डीएनए धड असेल तर ती चंद्रासारखी गोल दिसे. तुटला असेल तर तुकडे प्रवाहाबरोबर एका बाजूला ओढले जात आणि चंद्राला शेपूट फुटे. जेवढं शेपूट लांब, तेवढी मोडतोड जास्त. अशी मोडतोड साठत गेली की पुढे कॅन्सर.

शेपट्या मोजायचं काम मोजणीच्या बाईंचं. तीस वर्षं त्या हेच करत होत्या. मोजणाऱ्याला कुठल्या काचेवर काय आहे ते कळता कामा नये, नाहीतर मन लबाडी करतं. म्हणून काचांना खोटी नावं देत. आणि नावं द्यायचं काम गप्पूकडे होतं, कारण कुठलं रसायन काय करतं यातलं त्याला काही कळत नव्हतं.

“नंबर नकोत,” बाईंनी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. “एक म्हटलं की मला साफ वाटतं आणि चोवीस म्हटलं की घाण वाटतं. तीस वर्षांत डोकं असंच झालंय माझं. तू आपले शब्द लिही. घरात बस, समोर दिसेल ती वस्तू लिही. माझ्या मनात काही येणार नाही असे मुके शब्द.”

“बरं, बाई.”

“तुला बरे जमतील.”

२

शब्द त्याने स्वयंपाकघरात बसून लिहिले होते, ताईबरोबर. आईवडील गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. ती एका कारखान्यात प्रवासी बॅगांना गोंद लावायचं काम करी. संध्याकाळी बोटांना चिकटलेला गोंद ती तेल लावून सोडवत बसे. तशीच ती त्या दिवशी बसली होती आणि तो पुठ्ठ्याच्या चोवीस चिठ्ठ्या पुढे घेऊन बसला होता.

“चमचा लिही,” ताई म्हणाली. “कात्री. बादली. तुझं तोंड.”

“वस्तू पाहिजे, ताई.”

“मग वस्तूच की ती. बंद पडलेली.”

मग गाळणं, कंगवा, उशी, सुई, झाडू असं करत चोवीस झाले. चिठ्ठ्या एका बिस्किटाच्या डब्यात गेल्या. तीन वर्षं तो डबा बिनबोभाट चालला. चोवीस कप, चोवीस चिठ्ठ्या. डबा हलवायचा, न बघता चिठ्ठी काढायची, पहिल्या कपाला ती. पुन्हा काढायची, दुसऱ्याला ती. एकदा निघालेली चिठ्ठी परत टाकायची नाही, हा नियम. कुणाला काय नाव मिळालं त्याची यादी पाकिटात बंद करून प्रयोगशाळेच्या सरांकडे द्यायची. काचेच्या कडेवर तोच शब्द पेन्सिलीने लिहायचा, कारण शाई धुऊन जाते.

त्या आठवड्यात एक तपकिरी बाटली आली. तिच्यावर नुसता आकडा होता, नाव नव्हतं. सरांनी झाकण उघडलं. गोड वास आला, फार पिकलेल्या फळासारखा. तो वास रोज संध्याकाळी त्यांच्या दारातून आत येई. ताईच्या केसांना, ओढणीला, उशीच्या अभ्र्याला तोच वास होता.

त्याला हे कळायला नको होतं. पण नाकाला झापड कशी लावणार?

घरी त्याने विषय काढला. ताई नऊ वर्षं त्या वासात काम करत होती आणि दोन वर्षांपासून तिला खोकला होता.

“काम सोड म्हणतोस?” ताई म्हणाली. “पुढच्या महिन्यात मला अख्ख्या टेबलाची मुख्य करणार आहेत. आणि वासाने काय होतंय? फळाचा वास आहे.”

“आमच्याकडे तपासायला आलंय ते.”

“मग तपासा. तुझ्या त्या काचा म्हणाल्या ना की वाईट आहे, त्या दिवशी सोडते. तुझी शपथ. तोवर मला शहाणपण शिकवू नकोस.”

ताई शपथ घेत नसे. घेतली की मोडत नसे. तेव्हा आता सगळं काचांवर होतं.

३

पहिली फेरी. सहा कप साफ, म्हणजे त्यांच्यावर नुसतं खारं पाणी. तीन कपांवर वाईट म्हणून आधीच ठाऊक असलेलं औषध. उरलेल्या पंधरांवर त्या बाटलीतलं, कमी-जास्त प्रमाणात. औषध आणि बाटली सर हाताळत, खाऱ्या पाण्याचे थेंब गप्पू टाकी.

मोजणीची खोली दिवसाही काळोखी ठेवावी लागे, कारण पेशी उजेडात दिसत नाहीत, चमकवाव्या लागतात. बाहेर दुपार टळटळीत आणि आत फक्त बाईंच्या डोळ्यांभोवती हिरवट उजेड. गप्पू एकेक काच हातात देई. बाई नाव वाचत, मोजत, बोलत आणि लिहीत.

“चमचा. चांगली आहे. कंगवा. बरी आहे. झाडू. अगं बाई, झाडूचं काही खरं नाही.” मग त्या थांबल्या. “खुंटी.”

त्यांनी ती काच पुन्हा पहिल्यापासून मोजली.

“हे कुणी केलं?” त्या शेवटी म्हणाल्या. “एक पेशी धड नाही रे. सगळ्यांना शेपट्या. दीडशेच्या दीडशे.”

सरांनी पाकीट उघडलं. खुंटी हा साफ कप होता.

साफ कप बिघडला की सगळी फेरी बाद. कारण मग बाकीचे कप बाटलीने बिघडले की आणखी कशाने, हे सांगता येत नाही. सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “ड्रॉपर बदलला होतास ना?”

“हो, सर.”

“नक्की?”

“नक्की, सर.”

पण नक्की म्हटल्यावरच माणसाला शंका यायला लागते. तो घरी जाईपर्यंत मनातल्या मनात ड्रॉपर बदलत होता. आणि रस्ता ओलांडताना त्याच्या डोक्यात एक वेगळंच येऊन बसलं.

खुंटी?

४

“खुंटी तू सांगितलीस?” त्याने ताईला विचारलं.

“कसली खुंटी?”

“चिठ्ठ्या लिहिताना. समोर दिसेल ते सांगत होतीस ना.”

“मग? आपल्याकडे कुठे खुंटी आहे? खिळा आहे.” ताईने हनुवटीने दाराकडे दाखवलं. दारामागे एकच वाकडा खिळा होता आणि त्यावर दोघांचे कपडे एकावर एक लोंबत. “कपड्यांना जागा नाही म्हणून मी ओरडते रोज. खुंटी असती तर ओरडले असते का?”

त्याने विचार केला. तीन वर्षं हा शब्द डब्यात होता का? चमचा आठवत होता, कात्री आठवत होती. आधीच्या फेऱ्यांत खुंटी कधी निघाली होती का, ते मात्र आठवेना. पण चिठ्ठ्या चोवीसच होत्या. मग खुंटी नसती तर चोविसावा शब्द कुठला होता? त्याने बोटांवर मोजून बघितलं. तेवीस आठवत आणि पुढे घोडं अडे.

शेवटी त्याने स्वतःलाच समजावलं. आपण तीन वर्षांपूर्वी काय जेवलो तेही आठवत नाही, शब्दाचं काय घेऊन बसलात?

तरी ताई आंघोळीला गेल्यावर तो दारामागे गेला. कपडे बाजूला केले. खिळ्याच्या वर हातभर अंतरावर भिंतीवरून बोटं फिरवली. रंगाखाली एका जागी भिंत किंचित बसकी लागली. अंगठ्याएवढं भोक कुणीतरी कधीतरी बुजवलं होतं.

“घरात किती भोकं आहेत तेवढी मोज आता,” ताई डोकं पुसत बाहेर आली. “तेवढंच राहिलं होतं.”

मग तिला खोकला आला आणि ती भिंतीला हात लावून तो थांबायची वाट बघत उभी राहिली.

५

दुसऱ्या फेरीत गप्पूने डोळ्यांत तेल घालून काम केलं. प्रत्येक कपाला नवा ड्रॉपर, हातमोजे दोनदा बदललेले. मग त्याने डबा हलवला आणि एकेक चिठ्ठी काढली. सहा साफ कपांतल्या चौथ्याला खुंटी निघाली.

चिठ्ठी परत टाकावी असं त्याला फार वाटलं. पण नियम म्हणजे नियम. एकदा मी निवडायला लागलो की चिठ्ठ्यांना काय अर्थ, असं म्हणून त्याने यादीत शब्द लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्याने ट्रे बाहेर काढला. कप अंगाच्या उबेत राहावेत म्हणून ते एका बंद कपाटात ठेवत. त्या कपाटाची बारीक घरघर खोलीत सदैव चालू असे. कानाला तिची इतकी सवय झालेली की ती ऐकूच येत नसे. त्याने चौथा कप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बघायची गरज नव्हती, पण त्याने बघितलं.

बाकीच्या कपांत चिकटा फिरत होता. याच्यात फिरत नव्हता. लव आडवी पडली होती, पावलांनी तुडवलेल्या गवतासारखी. मेला वाटतं कप, असं तो म्हणतो न म्हणतो तोच सगळी लव एकदम उठली. एकदम म्हणजे एकाच वेळी, आणि मधल्या एका जागेकडे झुकली. थांबली. मग उलटी, बाहेरच्या बाजूला. थांबली. पुन्हा आत.

लव अशी हलत नाही. ती सेकंदाला दहादा वगैरे थरथरते, असं सरांनी सांगितलं होतं. ही सावकाश होती. ओळखीची होती. कुठे बघितलंय हे आपण, असं तो आठवत राहिला.

तेवढ्यात मागे दाराजवळ हलका आवाज आला. कुणीतरी बाहेरून येऊन अंगातला कोट काढावा आणि अडकवावा, तसा. कापडाची सळसळ आणि मग एक बारीक ‘टक्’.

“कोण आहे?” तो म्हणाला.

कोणी नव्हतं. दाराशी पांढरे अंगरखे त्यांच्या हुकांवर होते. तिघांचे तीन हुक, तीन अंगरखे. आपलाच अंगरखा घसरला असेल असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं की आपला तर अंगात आहे.

त्याने तिसऱ्याला हात लावून बघितला नाही. ट्रे आत ठेवला, कपाटाचं दार लावलं आणि बाहेर जाऊन पाणी प्यायला.

मोजणीत खुंटीच्या दीडशेच्या दीडशे पेशींना शेपट्या निघाल्या. फेरी बाद.

६

“आता एकच ट्रे उरला,” सरांनी दोघांना बोलावून सांगितलं. “या पेशी तीन फेऱ्यांपुरत्याच होत्या. ही पण गेली तर ‘ठरवता आलं नाही’ असं लिहून बाटली परत करायची. मग ती जिथे वापरतात तिथे वापरत राहतील.”

गप्पूला त्या वाक्यात ताई दिसली. तेल लावून बोटं सोडवणारी.

तो डबा घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसला. एक गोष्ट त्याला कळत होती, पण ती मनाशीसुद्धा धड म्हणता येत नव्हती. ते नाव ज्याला मिळतं तो बिघडतो. कप कुठला, त्यावर काय टाकलं, याचा संबंध नाही. हे वेड्यासारखं आहे. पण दोनदा झालं आहे.

मग दुसरी गोष्ट सुचली आणि तिची त्याला जास्त भीती वाटली. खुंटी मुद्दाम बाटलीच्या कपाला दिली तर? बाटली वाईट ठरेल. ताई काम सोडेल. कुणाला काय कळणार आहे? पण मग तो काचांचा निकाल नसेल, गप्पूचा असेल. ताईने शपथ घेतली होती ती काचांवर विश्वास ठेवून.

त्याने तसं केलं नाही. त्याने खुंटीची चिठ्ठी शोधून बाहेर काढली आणि तिच्या जागी नवी लिहिली, ‘बशी’. बशी त्याने सकाळीच बघितली होती, तिची खात्री होती.

उरला प्रश्न चिठ्ठीचं काय करायचं. कचऱ्यात टाकली तर साफसफाईच्या मावशी उचलत. कोऱ्या बाजूवर सामानाची यादी लिहायला त्यांना असा पुठ्ठा आवडे. फाडली तर अर्ध्या शब्दाचं काय होतं कोण जाणे. घरी ठेवली तर ताईच्या हाती लागणार. त्याने चिठ्ठीची घडी केली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

आठवडाभर ती तिथेच राहिली. तो रोज शर्ट बदले आणि चिठ्ठी या खिशातून त्या खिशात जाई. बुधवारपासून घशात जरा खवखव होती. हवा बदलली असेल.

७

तिसरी मोजणी. काळोखी खोली, हिरवट उजेड, बाईंचा आवाज.

“बशी. ही नवीन दिसते. छान आहे, गोल गरगरीत.” गप्पूचा जीव भांड्यात पडला. “कात्री. चांगली. उशी. हं, उशीला शेपट्या आहेत. सुई, जास्त आहेत.”

एकेक करत चोवीस झाल्या. यादी त्यानेच लिहिली होती, त्यामुळे त्याच्या मनात सगळं जुळत होतं. साफ सहा साफ होत्या. ठाऊक असलेल्या तीन वाईट होत्या. आणि बाटलीच्या पंधरा, जसं प्रमाण वाढेल तशा बिघडत गेल्या होत्या, अगदी पायरी-पायरीने. काचांनी सांगितलं होतं. ताई सुटली.

तो पेटी बंद करायला गेला तर बाईंनी हात पुढे केलेलाच होता.

“दे की ती.”

“झाल्या, बाई. चोवीस.”

“मग ही काय आहे?”

पेटीच्या शेवटच्या खाचेत एक काच उभी होती. बाईंनीच ती उचलली आणि कडेवरचा शब्द वाचला.

“खुंटी.”

अक्षर त्याचंच होतं. ‘ख’ला तो नेहमी जी जास्तीची गाठ मारी, तीसुद्धा होती.

बाईंनी काच लावली. बराच वेळ त्या मोजत होत्या, मग मोजायच्या थांबल्या. “यात चंद्रच नाहीत रे,” त्या हळू म्हणाल्या. “नुसत्या शेपट्या.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “बघ तू. माझे डोळे दमले असतील.”

गप्पूने डोळा लावला.

काचेवरच्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात. त्यांची आवरणंसुद्धा विरघळवून टाकलेली असतात. तिथे हलेल असं काही नसतं. आणि शेपट्या सगळ्या एका बाजूला ओढलेल्या असतात, वीज जिकडे नेईल तिकडे. इथे त्या एका बाजूला नव्हत्या. मधोमध एक काळी रिकामी जागा होती आणि चहूबाजूंनी शेपट्या तिच्याकडे वळलेल्या होत्या.

त्याने दचकून श्वास आत घेतला. शेपट्या आत झुकल्या.

त्याने श्वास सोडला. त्या बाहेर गेल्या.

त्याने श्वास रोखला. त्या थांबल्या. थांबून राहिल्या. मधली काळी जागा मात्र थांबली नाही. ती किंचित मोठी झाली, एखादं तोंड उघडायला लागावं तशी.

त्याने डोळा काढला. हात आपोआप वरच्या खिशावर गेला. आठवडाभर चिठ्ठी कुठे होती, ते त्याला तेव्हा उमगलं. ती कुणाच्या छातीवर होती, तेही.

“चोवीस कप आणि पंचवीस काचा,” बाई म्हणत होत्या. “हे मला लिहावं लागेल, गप्पू. कुठली काच कुणाची याचाच भरवसा नाही म्हटल्यावर फेरी बाद. मला आवडतंय का हे? पण लिहावं लागेल.”

“बाई,” तो म्हणाला. “ती या फेरीतली नाही.”

“मग?”

“माझी आहे.”

“तुझी म्हणजे?”

“सरावाला केली होती. माझ्याच पेशी घेऊन. चुकून पेटीत राहिली.”

नवी मुलं शिकताना स्वतःच्या गालाच्या आतून पेशी काढून अशी काच करून बघत, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांनी वहीत चोवीसच्या खाली रेघ मारली. आणि मग ते ओझं परत चढल्यासारखं त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

“तुझ्या पेशी?”

“हो, बाई.”

“मी तीस वर्षं मोजतेय,” बाई म्हणाल्या. “हिंडत्या-फिरत्या माणसाची अशी काच मी बघितलेली नाही. तू उद्या सुट्टी घे. सकाळी पहिल्यांदा छातीचा फोटो काढून ये. ऐकतोयस ना?”

“हो, बाई.”

“बोलत नाहीस तर निदान खोक तरी,” बाई म्हणाल्या आणि हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी ती काच रुमालात गुंडाळली आणि टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला. मग हात पुसायला त्यांनी रुमाल शोधला, तर तो काचेबरोबर खणात गेला होता.

८

संध्याकाळी त्याने ताईला सांगितलं. ताई बराच वेळ बोटं चोळत बसली.

“सगळ्या काचा म्हणाल्या?”

“पंधराच्या पंधरा.”

“टेबलाची मुख्य होणार होते रे मी.” तिने नाक ओढलं. “जाऊ दे. शपथ तुझी घेतली होती, मोडून तुला काही झालं तर मलाच निस्तरावं लागेल. उद्या सांगून येते त्यांना. आणि तू तो शर्ट काढ आधी, घामट झालाय. दे, भिजत घालते.”

“नको. मी घालतो उद्या.”

“खिशात काय लपवलंयस?” ताईने हात पुढे केला.

“ताई, हात लावू नकोस.”

तो इतक्या मोठ्याने कधी बोलला नव्हता. ताईने हात मागे घेतला. तिला राग आला नाही. मग म्हणाली, “बरं बाबा, घाल मळका,” आणि दिवा लावायला आत गेली.

दिवा लागायच्या आधीच्या त्या मिनिटात त्याने शर्ट काढला आणि सवयीने दारामागे अडकवला. खिळा कुठे आहे ते बघायला लागत नसे, हात आपोआप जाई. शर्ट अडकला. बारीक ‘टक्’ असं वाजलं. तो वळला आणि दोन पावलं गेला.

मग दिवा लागला आणि त्याने मागे बघितलं. ताईचे कपडे खिळ्यावर होते. त्याचा शर्ट त्यांच्यावर नव्हता. तो हातभर वर होता, एकटाच, दोन्ही बाह्या सरळ सोडून, आणि चांगला बसला होता. घसरत नव्हता.

त्या जागी काही नव्हतं. त्या दिवशी बोटं फिरवली तेव्हा नुसतं बुजवलेलं भोक होतं. कॉलर वर करून बघितली असती तर कळलं असतं. दोन पावलांचं अंतर होतं.

“जेवायला ये,” ताई आतून म्हणाली. तिला खोकला आला नाही. त्या संध्याकाळी एकदाही आला नाही.

तो जेवायला गेला.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाराकडे तोंड न करता, हात मागे नेऊन शर्ट ओढून काढला. अंगात घातला. चिठ्ठी खिशात होती, किंचित दमट. तो तपासणी केंद्रावर गेला तेव्हा तिथे बाकावर दोघेच होते. तिसरा नंबर त्याचा.

फोटो काढणारा गृहस्थ वयस्कर आणि गप्पिष्ट होता. “शर्ट काढा, गळ्यात काही असेल तर काढा. खिशात काय आहे?”

“चिठ्ठी.”

“ती इथे ठेवा टेबलावर. नाहीतर द्या, मी धरतो.” त्याने हात पुढे केला. स्वच्छ, जाड बोटांचा हात. बोटात अंगठी होती. त्याच्या टेबलावर एका लहान मुलीचं चित्र टेकवून ठेवलेलं होतं.

“नको,” गप्पू म्हणाला. त्याने चिठ्ठी मुठीत घेतली.

“अहो, मी वाचणार नाही. प्रेमपत्र आहे का?”

“माझी आहे. माझ्याकडेच राहू दे.”

“राहू दे बाबा.” गृहस्थाने खांदे उडवले. “मूठ कमरेच्या मागे ठेवा. छाती टेकवा. हनुवटी वर.”

पाटी थंडगार होती. गृहस्थ काचेपलीकडे गेला. यंत्राची घरघर सुरू झाली. गप्पूच्या मागे, दाराजवळ, कापडाची सळसळ झाली. तिथे त्याने शर्ट नुसता खुर्चीवर टाकला होता.

“मोठा श्वास घ्या,” गृहस्थ काचेमागून म्हणाला. “आणखी. हां. धरून ठेवा.”

गप्पूने धरला. एवढ्या वेळात ‘सोडा’ म्हणायला हवं होतं. काचेमागे गृहस्थ पडद्याजवळ वाकला होता. त्याच्या चेहऱ्यावर हिरवट उजेड होता.

“सोडू नका,” तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “अजून नका सोडू हं.”

गप्पूने श्वास सोडला नाही.